मालिकेचं लेखन नेमकं कोण देतं? सॅम्पल म्हणून पाच एपिसोड मागितलेत, लिहू का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, आणि जरा घाईत आहे कारण सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

मी सांगलीजवळ राहते, हायस्कूलला मराठी शिकवते. कॉलेज पुण्यात झालं, तेव्हापासून एकांकिका लिहिते, एकदा आमची पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या अंतिम फेरीतही गेली होती, मग लग्न, नोकरी, पण राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन वर्षांतून एखादं लिहून होतंच. आमच्या तेव्हाच्या ग्रुपमधला एक मुलगा आता मालिकांत कामं करतो, त्याने माझा नंबर एका प्रॉडक्शन हाऊसला दिला. तिथल्या क्रिएटिव्ह मॅडमचा फोन आला, काही विषय आहे का म्हणाल्या. माझ्याकडे होता. तासगावकडचं बेदाण्याचं घर आणि त्या घरातली थोरली सून. माहेर तिकडचंच असल्याने बेदाणा वाळवायची शेड, लिलावाचे सौदे, कोल्ड स्टोरेज हे सगळं लहानपणापासून बघितलेलं आहे. चार पानं लिहून पाठवली, त्यांना आवडली, नरेशनला म्हणजे गोष्ट तोंडी सांगायला बोलावलं. रात्रीच्या गाडीने अंधेरीला गेले, दीड तास सांगितलं. समोर तिघं होते, एक जण सारखा लॅपटॉपवर टाइप करत होता, एकाला सगळे ईपी म्हणत होते, आणि शेवटी 'छान आहे, चॅनेलला दाखवू' म्हणाले.

आता निरोप आलाय की पहिले पाच एपिसोड संवादासकट पाठवा, चॅनेलला द्यायचेत. पैशांचा विषय नाही, कागद नाही, सगळं व्हॉट्सअॅपवर. मिस्टर म्हणतात अजिबात लिहू नकोस, आई म्हणते आलेली संधी सोडू नकोस. मला खरं विचारायचंय ते हे की यात निर्णय कोण घेतं? त्या तिघांपैकी कोणी, की चॅनेल, की अजून वर कोणी? आणि असं फुकट लिहून मागणं ही पद्धतच आहे का या क्षेत्रात?

रात्रपाळी

ताई, आधी लिहायचं थांबवा, मग पुढचं वाचा.

मी मराठी डेली सोपचे संवाद लिहिते, अकरा वर्षं झाली. तुम्ही विचारलंय निर्णय कोण घेतं, तर हे आधी डोक्यात पक्कं करा की प्रॉडक्शन हाऊसला स्वतःहून मालिका सुरू करता येत नाही. स्लॉट म्हणजे दाखवायची वेळ चॅनेलची, पैसे चॅनेलचे, आणि बहुतेक करारांत मालिकेचे हक्कसुद्धा शेवटी चॅनेलकडेच जातात. निर्माता एपिसोडमागे ठरलेल्या रकमेत मालिका बनवून देतो, त्याच रकमेत सेट, कलाकार, लाइट, जेवण, गाड्या आणि त्यातच आपण लेखक. म्हणजे तुमचं मानधन ठरवतो निर्माता आणि तुमचा सीन पास करतो चॅनेलचा माणूस. हे दोघं वेगळे आहेत हे नीट कळायलाच मला दोन वर्षं लागली, तोवर मी पैशांसाठी चुकीच्या माणसाला फोन करत होते.

ईपी म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, ते दोन्हीकडे असतात. चॅनेलचा ईपी म्हणजे ज्याच्याकडे ती मालिका सोपवलेली असते, रोजची स्क्रिप्ट त्याच्याकडे जाते, त्याच्यावर फिक्शन हेड म्हणजे सगळ्या मालिकांचा प्रमुख, त्याच्यावर बिझनेस हेड. प्रॉडक्शनचा ईपी म्हणजे शूटिंग, तारखा आणि खर्च बघणारा. तुमच्या नरेशनला बसलेला ईपी कुठला होता हे आधी विचारून घ्या. चॅनेलचा असेल तर गोष्ट दोन पायऱ्या पुढे गेलीय, प्रॉडक्शनचा असेल तर अजून चॅनेलच्या दारातही गेलेली नाही.

मालिका सुरू झाली की काम असं चालतं. कथा लिहिणारा पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट कशी जाणार ते देतो, तो चॅनेलबरोबर मीटिंगमध्ये घासून पक्का होतो. पटकथा लिहिणारा त्याचे एपिसोड पाडतो, सीन ब्रेकअप करतो, कुठल्या सीनला जाहिरातीचा ब्रेक आणि उत्सुकता ताणणारा शेवटचा हुक काय ते ठरवतो. मग ते माझ्याकडे येतं आणि मी संवाद लिहिते, साधारण बावीस मिनिटांचा एक एपिसोड, आठवड्याला सहा, कधी महाएपिसोड असला तर जास्त. कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगवेगळी कामं आहेत, तीन वेगळे करार होऊ शकतात, आणि श्रेयनामावलीत तीन वेगळी नावं येतात. तुम्हाला पाच एपिसोड संवादासकट मागितलेत म्हणजे तिन्ही कामं एकदम मागितलीत, हे लक्षात घ्या.

गुरुवारी टीआरपी येतो आणि त्या दिवशी संध्याकाळी काय होईल सांगता येत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या मालिकेतल्या आजींचं काम करणाऱ्या बाई आजारी पडल्या, रात्री पावणेबाराला फोन, सकाळी सातच्या शिफ्टला त्यांचे चार सीन होते. आजीचे संवाद धाकट्या काकूच्या तोंडी घालायचे होते पण काकू असं बोलणारच नाही, तिचा आवाजच वेगळा, मग नुसती नावं बदलून भागत नाही, अख्खा सीन नव्याने लिहायला लागतो. साडेतीनला मेल केला. हे काम मला आवडतं म्हणून सांगतेय, तक्रार नाही.

फुकट लिहिण्याबद्दल. सुरुवातीला मी एका निर्मात्याला बारा एपिसोड लिहून दिले, कागद नव्हता. पुढे मालिका आली, नावं बदललेली, लेखक दुसरे, आणि माझ्या तिसऱ्या एपिसोडमधला ओटी भरायचा सीन जसाच्या तसा होता. मला काहीच सिद्ध करता आलं नाही कारण मी त्यांना पाठवलेले मेल सोडून माझ्याकडे काहीच नव्हतं आणि मी घाबरले पण होते की नाव खराब होईल. तुम्ही हे करू नका. एक सॅम्पल सीन द्या, फार तर दोन. संवाद येतात का हे बघायला दोन सीन पुरतात, पाच एपिसोड कशाला लागतात.

तिसरी_घंटा

वरच्या पोस्टला पूर्ण सहमत. मी सहा वर्षं एका वाहिनीच्या प्रोग्रामिंग टीममध्ये होतो, आता नाही, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो.

बाहेरून असं वाटतं की चॅनेलवाले चांगल्या गोष्टीची वाट बघत बसलेत. तसं नसतं. सुरुवात गोष्टीपासून होतच नाही, सुरुवात स्लॉटपासून होते. समजा साडेआठची मालिका घसरायला लागलीय, समोरच्या वाहिनीवर त्याच वेळेला सासू-सुनेचं काहीतरी जोरात चाललंय, तर आम्ही ठरवायचो की इथे आता काय हवं, तरुण जोडपं हवं की गावाकडचं कुटुंब हवं की गूढ हवं. मग तीन चार प्रॉडक्शन हाऊसना फोन जायचे की असं असं शोधतोय. त्यांच्याकडून कन्सेप्ट नोट यायच्या, कधी पंधरा कधी वीस. त्यातल्या दोन तीन पुढे जायच्या, त्यांचं वर प्रेझेंटेशन, मग एखादीचा पायलट म्हणजे नमुन्याचा भाग किंवा नुसता टेस्ट प्रोमो, आणि हे सगळं होऊन शेवटी असाही निर्णय व्हायचा की त्याच नेटवर्कच्या दुसऱ्या भाषेतली चाललेली मालिका मराठीत करूया, कारण ती तिकडे चालून झालेली असते आणि वरच्यांना त्याची खात्री वाटते. तेव्हा त्या वीस नोट्सचं काय झालं हे कुणी कुणाला कळवायचं नाही. मला याचं तेव्हाही वाईट वाटायचं, लोक महिनोन् महिने वाट बघायचे आणि आमच्याकडून साधा नकाराचा मेल जायचा नाही.

तुमच्या विषयाबद्दल मला मनापासून सांगायचंय. बेदाण्याचं घर हे मी सहा वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. पण एक अडचण आधीच ओळखा. डेली सोप उभी राहते एका घराच्या सेटवर, दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, अंगण. शेड म्हणजे बाहेरचं शूट, द्राक्षं म्हणजे सीझन, सौदा म्हणजे गर्दी. पहिल्या मीटिंगला कुणीतरी म्हणेलच की बेदाण्याऐवजी मिठाईचं दुकान करूया का. तुम्ही तयारीने जा. घरातच काय काय येऊ शकतं ते शोधून ठेवा, उदाहरणार्थ बेदाणा निवडायला बसलेल्या बायका अंगणात दाखवता येतील, सौद्याचे फोन घरात येतील, हिशेबाची वही, वास. हे तुम्ही सुचवलंत तर विषय टिकेल, नाहीतर मिठाई होईल आणि मग तुमचं तिथे असण्याचं कारणच जाईल.

अजून एक, नव्या लेखकाला कथेचं काम पहिल्यांदा क्वचितच मिळतं. सहाशे सातशे एपिसोड ओढायची जबाबदारी असते, वरचे लोक अनुभवी नाव मागतात. पण एकांकिका स्पर्धांवर प्रॉडक्शनवाल्यांचं लक्ष असतं हे खरं आहे, पुरुषोत्तम, सवाई, तिथे कोण लिहितंय ते बघतात आणि तिथली माणसं संवादलेखनात येतात. तुम्हाला 'कथा तुमची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तुमचे' असं विचारलं तर तो चांगला सौदा आहे, पण कथेचं श्रेय आणि कथेचे पैसे वेगळे लिहून घ्या.

कलम_एकोणीस

वकील आहे, या विषयातल्या केसेस थोड्याफार बघितल्यात. हे सर्वसाधारण सांगतोय, करार हातात आला की प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवाच.

कल्पनेवर कॉपीराइट नसतो. हे ऐकायला कडू आहे पण इथूनच सुरुवात करायला लागते. १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा निकाल आजही प्रत्येक केसमध्ये निघतो. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं, प्रांतवादावर. ते त्यांनी निर्मात्याला वाचून दाखवलं, पुढे १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आला, विषय तोच, म्हणून ते कोर्टात गेले आणि बावीस वर्षांनी हरले. कोर्टाने म्हटलं की विषय एक असू शकतो, मांडणी वेगळी आहे. म्हणजे 'बेदाण्याच्या घरातली सून' एवढं कुणीही घेऊ शकतं. तुमची पात्रं, प्रसंगांचा क्रम, सीन, संवाद हे जितकं तपशिलात कागदावर, तितकं ते तुमचं. म्हणून इथेही जेवढं लिहिलंत तेवढंच ठेवा, पुढची गोष्ट लिहू नका.

कॉपीराइट लिहिल्या क्षणी तुमचा होतो, त्यासाठी नोंदणीची गरज नाही. पण तारखेचा पुरावा लागतो. त्यासाठी मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन, सगळे एसडब्ल्यूए म्हणतात, तिचं सभासद व्हा, अजून काही प्रसारित झालेलं नसलं तरी सभासद होता येतं, आणि सांगलीत बसून ऑनलाइन स्क्रिप्टची नोंदणी होते. मराठीतलं लेखन चालतं. वाद झाला तर त्यांची वाद निवारण समिती आहे, तिथे तुम्ही एकट्या नसता. आधी पाठवलेली चार पानं आजच नोंदवा, पाठवल्याची तारीख आहेच.

हक्क देताना ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, व्हॉट्सअॅपवर 'ओके सर' म्हटल्याने तुमची कथा त्यांची होत नाही. कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमात लेखकाच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत तुमच्याकडे येतात, फक्त करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. तयार छापील करारांत नेमकं तेच वेगळं लिहिलेलं असतं, 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात', म्हणून वाचताना तिथे थांबा. २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्कही दिलाय जो लेखकाला लिहून देऊन टाकता येत नाही, प्रत्यक्षात ती रॉयल्टी हातात पडणं ही वेगळी लढाई आहे, पण करारात 'मी रॉयल्टी सोडते' असं वाक्य दिसलं तर ते काढायला सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

अजून एक वाक्य बघा, नुकसानभरपाईचं. मालिकेवर कुणी दावा ठोकला तर खर्च लेखकाने सोसायचा असं असतं. मर्यादा घालून घ्या, तुम्ही जेवढं लिहिलं त्यापुरतंच आणि मिळालेल्या मानधनाएवढंच.

दादरचा_म्हातारा

धागा वाचून जुनं आठवलं. आमच्या वेळी वाहिनी एकच होती आणि तेरा भागांची मंजुरी मिळवायला दूरदर्शनच्या वरळीच्या केंद्रावर चपला झिजायच्या. काही कार्यक्रम दूरदर्शन स्वतः पैसे देऊन करून घ्यायचं, काही प्रायोजित असायचे, म्हणजे निर्मात्याने जाहिरातदार आणायचा.

'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, तिची गोष्ट या प्रश्नाशी जोडलेली आहे म्हणून सांगतो. त्या मालिकेची मागणी लेखकाकडून आलीच नव्हती, ती सरकारकडून आली. माहिती आणि प्रसारण खात्याची माणसं मेक्सिकोला जाऊन आली, तिथले मालिका निर्माते मिगेल साबिदो यांनी समाजप्रबोधनासाठी मालिका कशा वापरल्या ते त्यांनी बघितलं, आणि इथे कुटुंबनियोजनाचा संदेश देणारी मालिका हवी असं ठरलं. लिहायला मनोहर श्याम जोशींना बोलावलं, प्रायोजक मॅगी नूडल्स. सुरुवातीच्या भागांत उपदेश फार झाला, लोकांना रुचेना, तेव्हा जोशींनी संदेश मागे ढकलला आणि घरातली माणसं पुढे आणली, तेव्हा कुठे देश ती बघायला लागला, १५६ भाग झाले. मागणी खात्याची, पैसा जाहिरातदाराचा, आणि मालिका तगली ती लेखकाला बदल करू दिला म्हणून. ताईंनी बेदाणा सोडू नये असं मलाही वाटतं.

पटकथा_विद्यार्थी

सिनेमाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मराठी सिनेमात कमिशन, म्हणजे आधी पैसे देऊन लिहून घेणं, फार कमी, बहुतेक वेळा लेखक आणि दिग्दर्शक मिळून आधी स्क्रिप्ट लिहितात (खूपदा दिग्दर्शकच लेखक असतो) आणि मग ती घेऊन निर्माता शोधत फिरतात, एखाद्या मोठ्या नटाने हो म्हटलं की दारं पटापट उघडतात. सरकारचं अनुदान मिळतं पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर परीक्षण होऊन, लिहायला कुणी देत नाही. लिहिण्याच्या टप्प्यावर मदत हवी तर एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) स्क्रीनरायटर्स लॅब आहे, २००७ पासून, निवड झाली तर जाणकार लोक तुमच्या ड्राफ्टवर बसून काम करून घेतात आणि पुढे गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळच्या फिल्म बझारला निर्मात्यांसमोर मांडायला मिळतं. पैशांचे हप्ते करताना साइनिंग, पहिला ड्राफ्ट, शेवटचा ड्राफ्ट असे पाडा, 'प्रदर्शनानंतर' असा हप्ता शक्यतो ठेवू नका, माझ्या मित्राचा सिनेमा शूट होऊन पाच वर्षं डब्यात आहे आणि त्याचा निम्मा पैसा त्या डब्यातच आहे.

कृष्णाकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, मी प्रिंट काढून मिस्टरांना आणि आईला दोघांना वाचायला दिलंय. एसडब्ल्यूएचा फॉर्म भरला. नरेशनला बसलेला ईपी प्रॉडक्शनचाच होता, मित्राला विचारून घेतलं, म्हणजे अजून चॅनेलला काहीच गेलेलं नाही.

मॅडमना काय लिहू तेवढं सांगा कुणीतरी, मला तोडून बोलता येत नाही आणि त्या चांगल्या बोलल्या होत्या माझ्याशी. आणि उद्या खरंच संवादाचं काम मिळालं तर मुंबईला यावं लागेल का? शाळा सोडणं लगेच शक्य नाही.

रात्रपाळी

तोडून बोलायचंच नाही ताई. फोन करू नका, मेल करा. 'आपल्या अमुक तारखेच्या नरेशननंतर आपण पहिल्या पाच एपिसोडची मागणी केली, त्याबद्दल आभारी आहे. माझ्या संवादशैलीचा अंदाज यावा म्हणून पहिल्या एपिसोडमधले दोन सीन सोबत जोडते आहे. पूर्ण एपिसोड लिहिण्यासाठी लहानसा करार आणि डेव्हलपमेंटचं मानधन ठरलं की लगेच सुरुवात करते, तीन आठवड्यांत देईन. कथेचे सर्व हक्क तोपर्यंत माझ्याकडे आहेत.' एवढंच. दोन सीन पीडीएफ करून, प्रत्येक पानावर नाव आणि तारीख. मॅडम चांगल्याच असतील, त्यांच्यावरही सोमवारचं प्रेशर असणार, त्यांना आतमध्ये पुढे करायला असा मेल उपयोगीच पडतो.

मुंबईचं म्हणाल तर आमच्या टीममध्ये पटकथा लिहिणारे नाशिकला बसतात, संवाद मी पुण्यातून, मीटिंग व्हिडिओ कॉलवर, लॉन्चच्या आधी आठ दहा दिवस आणि मोठा ट्रॅक बदलला की जावं लागतं. पण शाळा आणि आठवड्याला सहा एपिसोड एकत्र जमणार नाहीत, मी एक वर्ष नोकरी करून बघितलं, तब्येत गेली. आठवड्याला दोन किंवा तीन एपिसोड मागून घ्या, दोन संवादलेखक वाटून घेतात ही आता नेहमीची गोष्ट आहे. बिल महिन्याच्या महिन्याला पाठवा, पैसे प्रसारणानंतर दोन तीन महिन्यांनी येतात आणि दहा टक्के टीडीएस कापून येतात, तेव्हा पहिले चार महिने शाळेचाच पगार घर चालवणार हे धरून चला.